मोबाइल फोनचे कव्हर : धक्का, अंतर आणि निवड

काचेच्या बांगड्या किंवा चिनी मातीची भांडी दूरच्या गावी पाठवावयाची असली म्हणजे व्यापारी ती पेटीत तशीच ठेवीत नाही. पेटीच्या तळाशी व बाजूंना तो पेंढा किंवा कागदाचा चुरा दाबून भरतो. पेंढा काचेपेक्षा मजबूत असतो म्हणून तो असे करतो काय? उघडच तसे नाही. पेंढ्याची काडी दोन बोटांत मोडते. तरीही पेटी गाडीतून उतरविताना आदळली तर आतील काच बहुधा शाबूत राहते. दुबळी वस्तू काचेचे रक्षण कसे करते, या प्रश्नाचे उत्तर ज्याला समजले, त्याला मोबाइल फोनचे कव्हर निवडण्याचे निम्मे शास्त्र समजले, असे म्हणावयास हरकत नाही.

हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. भारतातील कित्येक घरांत सर्वांना मिळून एकच स्मार्टफोन असतो. मुलांचा अभ्यास, रेल्वेचे तिकीट, बाजारभावाची चौकशी आणि २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने होणारी पैशांची देवघेव, ही सर्व कामे त्या एकाच यंत्रावर चालतात. तो हातातून निसटून त्याची काच फुटली, तर दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा फोनच्या किमतीच्या मोठ्या हिश्श्याइतका येतो आणि तोपर्यंत घराची कामे खोळंबतात. दुसऱ्या बाजूस, दुकानात शे-दीडशे रुपयांपासून काही हजार रुपयांपर्यंत कव्हरे टांगलेली असतात. ग्राहक रंग पाहून, जाडी चाचपून किंवा खोक्यावरील मजकूर वाचून त्यांतील एक उचलतो. यांपैकी कोणत्याही एका गोष्टीवरून कव्हरची खरी योग्यता कळत नाही. ती कशावरून कळते, ते आता पाहू.

पडणाऱ्या फोनची ऊर्जा

उभ्या माणसाच्या हातातून, सुमारे १ मीटर उंचीवरून, फोन सुटला असे समजू. हवेचा विरोध दुर्लक्षणीय असेल तर जड व हलक्या सर्व वस्तू सारख्याच वेगवाढीने खाली येतात, हे गॅलिलिओने सतराव्या शतकात दाखवून दिले. त्या नियमानुसार गणित केले तर जमिनीस टेकतेवेळी फोनचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. सायकलस्वाराचा वेग साधारण एवढाच असतो. सर्व पतनास अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. पडणारा फोन वरचेवर झेलणे बहुधा साधत नाही, त्याचे कारण हेच.

फोनचे वजन २०० ग्रॅम धरल्यास या वेळी त्याची गतिज ऊर्जा सुमारे २ ज्यूल भरते. एक लिटर पाण्याने भरलेली बाटली २० सेंटिमीटर वर उचलण्यास जेवढे कार्य करावे लागते, तेवढीच ही ऊर्जा आहे. म्हणजे ती फार मोठी नाही. मग एवढ्याशा ऊर्जेने काच का फुटावी? याचे उत्तर ऊर्जेच्या परिमाणात नसून ती किती अंतरात खर्च होते, यात आहे.

थांबण्याचे अंतर

क्रिकेटच्या मैदानावरील क्षेत्ररक्षक वेगाने येणारा चेंडू झेलताना हात मागे घेतो. त्यामुळे चेंडू थांबण्यास अधिक अंतर मिळते आणि तळहातास बसणारा मार कमी होतो. नियम सरळ आहे : थांबविणारे सरासरी बल म्हणजे खर्च होणारी ऊर्जा भागिले थांबण्याचे अंतर. अंतर दुप्पट झाले तर बल निम्मे होते.

उघडा फोन शहाबादी फरशीवर पडला की फरशी दबत नाही आणि फोनही जवळजवळ दबत नाही. थांबण्याचे अंतर ०.१ मिलिमीटर धरले तर सरासरी बल सुमारे २०,००० न्यूटन येते. हे सुमारे दोन टन वजनाच्या भाराइतके झाले. आता तोच फोन अशा कव्हरमध्ये घातला की जे आघाताच्या वेळी २ मिलिमीटर दबते, तर बल सुमारे १,००० न्यूटनांवर, म्हणजे शंभर किलो वजनाच्या भारावर येते. ऊर्जा तीच, उंची तीच, परंतु बल विसाव्या हिश्श्यावर आले. प्रत्यक्षात हे बल क्षणाक्षणाला बदलते व त्याचे शिखर सरासरीहून बरेच वर असते. तथापि तुलनेसाठी हे गणित पुरेसे आहे.

यावरून पेंढ्याचे रहस्य उलगडते. पेंढा काचेचे रक्षण करतो तो मजबूत असल्यामुळे नव्हे, तर दबत असल्यामुळे. कव्हरचेही कार्य फोनला चिलखत चढविणे हे नसून त्याला थांबण्यासाठी एक-दोन मिलिमीटरची सवड देणे हे आहे.

मात्र येथे एक मर्यादा ध्यानात ठेविली पाहिजे. कव्हर फारच मऊ व पातळ असले तर ते आघाताच्या पहिल्याच भागात पूर्ण चेपते आणि उरलेला धक्का फोनला जसाच्या तसा बसतो. पातळ गादीवर उडी मारली तर खालची फरशी पायास लागते, तसाच हा प्रकार. उलटपक्षी, कव्हर फारच कठीण असले तर ते दबतच नाही. म्हणून चांगले कव्हर म्हणजे आपल्या जाडीचा बराचसा भाग उपयोगात आणणारे, परंतु पूर्ण न चेपणारे कव्हर होय. जाडी व मऊपणा यांची सांगड हा कव्हरच्या रचनेचा गाभा आहे.

काच का तडकते?

स्मार्टफोनच्या दर्शनी काचेवर बहुधा एक विशेष प्रक्रिया केलेली असते. सोडियमयुक्त काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानास बुडवून ठेवितात. काचेच्या पृष्ठभागातील सोडियमचे आयन बाहेर पडतात व त्यांच्या जागी पोटॅशियमचे आकाराने मोठे आयन दाटीवाटीने बसतात. त्यामुळे पृष्ठभाग सतत दाबाखाली राहतो. तडा पसरण्यासाठी काच ताणली जावी लागते. बाहेरील ताणाला प्रथम हा दाब मोडून काढावा लागत असल्याने काच सहजासहजी तडकत नाही. २००७ सालच्या पहिल्या आयफोनमध्ये वापरलेली ‘गोरिला ग्लास’ ही अशाच प्रकारची काच होती.

परंतु हा दाबलेला थर फार पातळ असतो. इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दाखविले की, काचेचे प्रत्यक्ष बळ तिच्या अंगच्या बळापेक्षा पुष्कळच कमी असते आणि त्याचे कारण तिच्यातील डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे हे असते. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तेथून काच फुटते. वाळूच्या कणांतील क्वार्ट्‌झ हे खनिज मोहच्या कठीणतेच्या मापावर ७ व्या स्थानी असते, तर काच साधारणतः त्याच्या खाली येते. म्हणून वाळूचा कण काचेवर ओरखडा उमटवितो. ओरखडा दाबलेल्या थरापेक्षा खोल गेला, तर पुढच्या वेळी तेवढ्याच उंचीवरून पडलेला फोन फुटू शकतो. ‘मागे दहा वेळा पडला तेव्हा काही झाले नाही, या वेळीच कसा फुटला?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. म्हणूनच कव्हर पहिला तडा गेल्यानंतर नव्हे, तर फोन घेतल्याच्या दिवसापासून वापरणे शहाणपणाचे आहे.

कोपरा आणि कड

फोन अगदी सपाट पडण्याचा योग क्वचित येतो. तो हवेत फिरत येतो व बहुधा प्रथम कोपऱ्यावर किंवा कडेवर आदळतो. अशा वेळी सर्व बल इवल्याशा क्षेत्रावर एकवटते. कव्हरची परीक्षा पाठीवरून न करता कोपऱ्यावरून करावी, ती यासाठी. पुष्कळ कव्हरांची पाठ जाड व कोपरे पातळ असतात. अशी रचना दिसावयास भक्कम, पण उपयोगास उणी असते. याउलट काही कव्हरांच्या कोपऱ्यांत पोकळ कप्पे ठेविलेले असतात. आघात होताच ते आत चेपतात आणि थांबण्याचे अंतर वाढवितात.

दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे पुढची कड. ती काचेच्या पातळीपेक्षा सुमारे १ मिलिमीटर तरी वर असावी. मग फोन सपाट फरशीवर पालथा पडला किंवा मेजावर पालथा ठेविला तरी काच टेकत नाही व वाळूचे कण तिला घासत नाहीत. पाठीमागील कॅमेऱ्याभोवतीही अशीच कड हवी. मात्र खडीच्या रस्त्यावर वर आलेला दगड या कडेला ओलांडून थेट काचेवर बसतो. तेथे ही उपाययोजना अपुरी पडते आणि काचेवर चिकटविलेला स्क्रीन गार्ड काही प्रमाणात तो मार स्वतःवर घेतो.

कव्हरांचे प्रकार

बाजारातील कव्हरे मुख्यतः पुढील प्रकारांची असतात.

सिलिकोनचे कव्हर रबरासारखे मऊ असते. हाताला ते चांगले धरून राहते आणि मुळात फोन निसटण्याचाच संभव कमी करते, हा त्याचा मोठा गुण होय. न झालेले पतन हेच सर्वांत सौम्य पतन. परंतु त्याला धूळ व धागे चिकटतात आणि ते पातळ असल्यास लवकर चेपते. पुष्कळ दिवसांनी ते सैल पडल्याचेही आढळते.

पॉलिकार्बोनेटचे कव्हर कठीण, हलके व चकचकीत असते. १९५३ साली जर्मनीत व अमेरिकेत स्वतंत्रपणे शोधून काढलेले हे प्लास्टिक सहसा फुटत नाही. पाठीवर ओरखडे येऊ न देण्याचे काम ते उत्तम करते. तथापि एकटे असताना ते फारसे दबत नाही, म्हणून धक्का आत पोहोचवितो तो त्याचा कठीणपणाच.

टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, हे या दोहोंच्या मधले द्रव्य. पॉलियुरेथेनाचा शोध १९३७ साली जर्मनीत ओट्टो बायर यांनी लावला. टीपीयू दबते आणि पुन्हा मूळ आकारास येते. बाजारात स्वस्तात मिळणारी पारदर्शक लवचिक कव्हरे बहुधा याचीच असतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे व हवेतील प्राणवायूमुळे ती काही महिन्यांत पिवळी पडू लागतात. हा पिवळेपणा मळाचा नसून द्रव्याच्या रासायनिक बदलाचा असल्याने धुऊन जात नाही.

संयुक्त कव्हरात आत टीपीयू व बाहेर पॉलिकार्बोनेट असते. बाहेरचा कठीण थर आघाताचे बल मोठ्या क्षेत्रावर पसरवितो आणि आतला मऊ थर दबून थांबण्याचे अंतर देतो. मोटारसायकलस्वाराच्या शिरस्त्राणाची रचना याच तत्त्वावर असते. धक्क्याच्या दृष्टीने हा प्रकार सामान्यतः सरस ठरतो. मात्र तो जड असतो. ५० ग्रॅमचे कव्हर चढविले की २०० ग्रॅमचा फोन २५० ग्रॅमचा होतो व पतनाची ऊर्जाही त्याच प्रमाणात, सव्वापट वाढते. अंतर अनेक पटींनी वाढत असेल तरच हा व्यवहार फायद्याचा.

पुस्तकासारखे मिटणारे फ्लिप कव्हर खिशातील किल्ल्या व नाणी यांपासून दर्शनी काचेचे रक्षण करते. परंतु फोन बहुतेक वेळा वापरात असताना, म्हणजे झाकण उघडे असताना पडतो, ही त्याची उणीव होय. संपूर्ण धातूचे कव्हर मात्र टाळलेले बरे. धातू रेडिओलहरींना अडवितो, त्यामुळे संदेशग्रहण क्षीण होते.

खोक्यावरील दावे

पुष्कळ खोक्यांवर ‘लष्करी दर्जाचे’ असे शब्द छापलेले असतात. हा उल्लेख बहुधा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मिल-एसटीडी-८१० या मानकाचा असतो. हे मानक प्रथम १९६२ साली निघाले. त्याच्या २००८ सालच्या ‘जी’ आवृत्तीतील पतन-चाचणीत वस्तू १२२ सेंटिमीटरांवरून २६ वेळा पाडतात : ६ पृष्ठांवर, १२ कडांवर व ८ कोपऱ्यांवर. चाचणी उपयुक्त आहे यात संशय नाही. परंतु तीत पतन काँक्रीटवर ठेविलेल्या सुमारे ५ सेंटिमीटर जाडीच्या प्लायवूडवर होते, आणि ही २६ पतने पाचपर्यंत नमुन्यांत विभागण्याची मुभा असते. शिवाय संरक्षण खाते बाजारातील कव्हरांना स्वतः प्रमाणपत्र देत नाही. चाचणी उत्पादकाने करावयाची किंवा करवून घ्यावयाची असते. म्हणून ग्राहकाने केवळ शब्द न वाचता तीन गोष्टी शोधाव्यात : उंची किती, पृष्ठभाग कोणता आणि फोन आत असताना किती पतने झाली. ही माहिती नसेल तर त्या शब्दांना जाहिरातीपलीकडे मोल देऊ नये.

कव्हरची किंमत पैशापलीकडेही असते

प्रत्येक संरक्षणाची काही किंमत असते. फोन चालताना व विशेषतः विद्युत्‌भारित होताना, म्हणजे चार्जिंगच्या वेळी, उष्णता उत्पन्न होते. ती बाहेर जाण्याचा मार्ग म्हणजे त्याचा पृष्ठभाग. ॲल्युमिनियमच्या तुलनेत प्लास्टिक व रबर यांची उष्णतावाहकता सुमारे एक हजारांश असते. जाड कव्हर म्हणजे फोनला घातलेली गोधडीच होय. लिथियम-आयन बॅटरी सामान्यतः ४५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानास चार्ज करू नये असे मानतात, कारण उष्णतेने तिचे आयुष्य घटते. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. विदर्भातील उन्हाळाही फार मागे नसतो. अशा प्रदेशांत चार्जिंगच्या वेळी फोन तापत असेल तर कव्हर काढून ठेवणे हिताचे.

कोकण, मलबार किंवा मेघालय यांसारख्या पावसाळी प्रदेशांत प्रश्न निराळा असतो. साधे कव्हर पाणी अडवीत नाही, उलट आत शिरलेले पाणी धरून ठेविते. फोन भिजल्यास कव्हर काढून दोन्ही वस्तू पुसून कोरड्या कराव्यात. आत अडकलेल्या धुळीने पाठ घासली जाऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा कव्हर काढून पुसणे एरवीही चांगले.

काही कव्हरांत चुंबक असतात. त्यांमुळे फोनमधील होकायंत्र चुकीची दिशा दाखवू शकते व जुन्या पद्धतीच्या चुंबकीय पट्टीच्या कार्डावरील नोंद बिघडू शकते. याहून गंभीर गोष्ट हृदयरोग्यांसंबंधी आहे. शरीरात बसविलेले पेसमेकरसारखे यंत्र जवळच्या प्रबळ चुंबकामुळे आपली कार्यपद्धती बदलू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२१ मध्ये असा सल्ला दिला की, चुंबक असलेले फोन व तत्सम वस्तू अशा यंत्रापासून किमान ६ इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर, दूर ठेवाव्यात. सदऱ्याच्या छातीवरील खिशात फोन ठेवण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. घरात पेसमेकर बसविलेली व्यक्ती असेल तर ही सवय सोडणे अगत्याचे आहे.

वर्गात करावयाचा प्रयोग

वरील विवेचन शाळेत अल्प खर्चात पडताळून पाहता येते. यासाठी फोन पाडण्याची गरज नाही. काचेसारखाच ठिसूळ असा फळ्यावर लिहिण्याचा खडू पुरे. एकाच खोक्यातील, सारख्या लांबीचे चाळीस खडू घ्यावेत. दहा खडू उघडे ठेवावेत. दहांभोवती जाड पुठ्ठ्याची घट्ट नळी करावी. दहांभोवती कापडाचे दोन पदर गुंडाळावेत. उरलेल्या दहांना प्रथम कापड व त्यावर पुठ्ठ्याची नळी घालावी. सर्व खडू आडवे धरून, १ मीटर उंचीवरून, एकाच फरशीवर सोडावेत व प्रत्येक गटात किती मोडले ते वहीत लिहावे. त्यानंतर कापडाचे पदर दुप्पट करून प्रयोग पुन्हा करावा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि एका खडूवरून निष्कर्ष काढू नये, हे दोन नियम येथे काटेकोरपणे पाळले पाहिजेत. एखादा उघडा खडूही योगायोगाने वाचतो. शेजाऱ्याचा फोन विनाकव्हर पडूनही फुटला नाही, या गोष्टीचे शास्त्रीय मूल्य त्या एका खडूपेक्षा अधिक नाही.

निवड कशी करावी?

कव्हर विकत घेताना फोन सोबत न्यावा व कव्हर चढवून पाहावे. ते घट्ट बसावे, सैल कव्हर पतनाच्या वेळी निसटते. कोपरा अंगठ्याने दाबावा. तो किंचित दबून परत वर आला पाहिजे. फोन मेजावर पालथा ठेवून काच टेकत नाही याची खात्री करावी. बटणे दबतात काय व चार्जरचे टोक नीट बसते काय, हेही पाहावे. बिनतारी चार्जिंग वापरावयाचे असल्यास फार जाड कव्हर किंवा धातूची पट्टी असलेले कव्हर घेऊ नये. धातूची पट्टी त्या वेळी तापते.

जो बहुतेक वेळ मेजाशी बसून काम करतो, त्यास चांगल्या कोपऱ्यांचे साधे टीपीयू कव्हर पुरते. बांधकामावर, शेतात किंवा दुचाकीवर ज्याचा दिवस जातो, त्याने संयुक्त कव्हर घेऊन वर स्क्रीन गार्ड लावावा आणि वाढलेले वजन व उष्णता मान्य करावी. ज्या घरी एकच फोन लहानथोर सर्वांच्या हातांत फिरतो, तेथे हाताला न निसटणारा पृष्ठभाग व मनगटात अडकविण्याची दोरी यांना अग्रक्रम द्यावा. कव्हर तडकले किंवा सैल झाले की ते बदलावे. परंतु केवळ रंगाच्या कंटाळ्याने बदलू नये, कारण मिश्र प्लास्टिकांच्या या वस्तूंचा पुनर्वापर करणे कठीण असते.

कोणतेही कव्हर फोन फुटणार नाही अशी हमी देऊ शकत नाही. ते फक्त फुटण्याची शक्यता कमी करते, आणि तीही काही मिलिमीटरांच्या जोरावर. किंमत, चकाकी व मोठे शब्द यांनी ते मिलिमीटर वाढत नाहीत. दुकानातील शंभर रुपयांचे कव्हर हजार रुपयांच्या कव्हरपेक्षा चांगले असू शकते, किंवा वाईटही असू शकते. ते ठरविण्याचे साधन ग्राहकाच्या अंगठ्यात व डोळ्यांत आहे. पेटीत पेंढा भरणाऱ्या व्यापाऱ्याने न्यूटनचे नियम वाचलेले नसतात. परंतु काय दबते आणि किती दबते, हे त्याने हाताने पारखलेले असते.